मस्कतचं पाणी, राजापूरचा पाट

ऑफिसात फॉरेन टूरचा विषय निघाला की गाडी हमखास बँकॉक-बालीवर येते. मग मी कॉलर ताठ करून सांगतो, ‘आपण नऊ वर्षांचे असताना मस्कत केलंय, बॉस!’ लगेच पुढचा प्रश्न, ‘काय काय बघितलंस?’ इथे गोची होते. कारण नीट आठवतं ते पाणीच.

१९९६ चा मे महिना. बाबा तिकडे नोकरीला. दोन वर्षांनी एकदा राजापूरला यायचे; त्या वेळी पैसे साठवून त्यांनी आम्हालाच बोलावलं. राजापूर ते मुंबई एसटीत अख्खी रात्र आणि मुंबई ते मस्कत विमानाने जेमतेम अडीच तास! माझ्या डोक्यात मोठाली दुकानं, चॉकलेटं. बाबांनी मात्र सुट्टीच्या शुक्रवारी दीडशे किलोमीटरवरच्या निझवाला नेलं. बाहेर भट्टी पेटलेली. आणि दाखवलं काय, तर दगडी पाट! नाव, फलज दारिस. आई साडी सावरत पाण्यात पाय सोडून बसली. मी कुरकुरलो, ‘हे तर आपल्या आगरातपण आहे!’

‘म्हणूनच आणलंय,’ बाबा म्हणाले.

पुढे मी नोकरीसाठी दोन वर्षं हैदराबादला होतो. दर रविवारी कोकणी माशांची खानावळ शोधत एकटाच भटकायचो. तेव्हा निझवा आठवलं. बाबांनाही तो पाट असाच कधीतरी सापडला असणार.

मग फलजबद्दल वाचत सुटलो. डोंगराच्या पायथ्याशी खोल विहीर, तिथून जमिनीखालून हलक्या उताराचा बोगदा, गावाजवळ पाणी उघड्यावर. पंप नाही, काही नाही. आधी पिण्याला, मग खजुराच्या बागांना. पाण्याची पाळी मोजायची ती दिवसा सावलीवर, रात्री ताऱ्यांवर. २००६ मध्ये युनेस्कोने ओमानचे असे पाच फलज जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात दारिसही आहे.

आमच्याकडे पाऊस सरला की वहाळाला दगडमातीचा बांध घालतात, पाटाने पाणी पोफळी-नारळांपर्यंत नेतात. घरागणिक पाळी, आणि पाळीवरून भांडणं! तिकडे वर्षाला शंभरेक मिलिमीटर पाऊस, आमच्याकडे तीन हजारांच्या वर. शिवाय उन्हाळे गावातली आमची गंगा मनाला येईल तेव्हा जमिनीतून उगवते आणि चौदा कुंडं भरून टाकते. एवढं असून मे महिन्यात विहिरी तळ दाखवतात.

गेल्या डिसेंबरात चार दिवस रजा टाकून गावी गेलो. बाबा आता तिथेच असतात. वाडी निम्मी मुंबईला, थोडी आखातात. बांधाला माणसं मिळेनात. मग बाबा, शेजारचे काका आणि मी, तिघांनी मिळून दगड रचले. कंबर पार कामातून गेली. आमची पाळी आली पहाटे तीनची.

मी मोबाईलवर अलार्म लावला. बाबा अंगणात खुर्ची टाकून आभाळाकडे बघत बसले.