सावलीचा हक्क

उन्हाळा हा काही आपल्या देशाला नवा पाहुणा नव्हे. मग त्याचा एवढा गाजावाजा कशासाठी, असा प्रश्न पंख्याखाली बसून विचारणारे आपल्यात थोडे नाहीत. त्यांनी दोन दिवस आठवावेत. 16 एप्रिल 2023 रोजी खारघर येथे महाराष्ट्र शासनाने महाराष्ट्रभूषण पुरस्काराचा सोहळा उघड्या मैदानात, भर उन्हात भरविला. 14 माणसे उष्माघाताने दगावली. 1 जून 2024 रोजी, लोकसभेच्या मतदानाच्या अखेरच्या टप्प्यात, उत्तर प्रदेशात उष्म्याने 33 निवडणूक कर्मचारी मृत्युमुखी पडल्याचे तेथील मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनीच सांगितले. त्यांत गृहरक्षक होते, सफाई कामगार होते. खारघरला माणसे शासनाच्या निमंत्रणावरून आली होती, उत्तर प्रदेशात शासनाच्या हुकमावरून. ज्या सत्तेला माणूस उन्हात उभा करता येतो, तिला तो सावलीत आणता येत नाही, हे कोणी मानावे?

हा दैवाचा कोप आहे, असे म्हणण्याचीही आता सोय राहिलेली नाही. 1901 ते 2018 या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे 0.7 अंश सेल्सिअसने वाढले, आणि ते मुख्यतः माणसाने हवेत सोडलेल्या वायूंमुळे, असे केंद्राच्याच पृथ्वीविज्ञान मंत्रालयाचा 2020 सालचा अहवाल सांगतो. या वायूंचा मोठा वाटा धनाढ्य राष्ट्रांचा, हे खरे. आणि जागतिक परिषदेत ते ठणकावून सांगितलेच पाहिजे. परंतु भर दुपारी विटा वाहणाऱ्या मजुरापुढे हाच युक्तिवाद करणे म्हणजे शेजाऱ्याने आग लावली म्हणून स्वतःच्या घरातील पाणी न ओतणे होय.

न्यायसंस्थेने आपले काम केले आहे. माळढोक पक्ष्याच्या रक्षणासंबंधीच्या खटल्यात 21 मार्च 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, आणि हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण मिळण्याचा हक्क संविधानाच्या 14 व 21 या अनुच्छेदांतून निघतो, असे मानले. पण हक्क म्हटला की त्याचा ऋणको कोण, हेही ठरावे लागते. सेंटर फॉर पॉलिसी रिसर्च या दिल्लीच्या संस्थेने 2023 साली देशातील 37 उष्मा-कृती आराखडे तपासले. पैसा कोठून यावा, याचा उल्लेख त्यांपैकी अवघ्या 3 आराखड्यांत आढळला!

आम्हां कारकुनांना शब्दांची किंमत पुरती ठाऊक असते. 'शक्यतो करावे' आणि 'केलेच पाहिजे' यांत किती अंतर आहे, हे ज्याने एकदा तरी मसुदा लिहिला आहे त्याला सांगावे लागत नाही. पहिल्या शब्दाने फाईल बंद होते. दुसऱ्याने माणूस वाचतो. 'दुपारी बाहेर पडू नये' हा उपदेश ज्याची चूल दुपारच्या मजुरीवर पेटते त्याला करणे, ही थट्टा आहे. केरळात श्रम आयुक्त कडक उन्हाळ्यात दुपारी 12 ते 3 या वेळेत उघड्यावर काम घेण्यास आदेशानेच मनाई करतात. तेथे जे आदेशाने होते, ते इतरत्र उपदेशावर का सोडावे?

म्हणून मागणे तीनच आहे. उष्म्याचा इशारा मिळताच दुपारचे उघड्यावरील काम कायद्याने थांबावे, आणि त्या तासांची मजुरी कापली जाऊ नये. प्रत्येक आराखड्यात जबाबदार अधिकाऱ्याचे पद आणि खर्चाचे शीर्ष नोंदलेले असावे. उष्म्याच्या बळीची नोंद त्याच कारणाखाली व्हावी, आणि त्याच्या कुटुंबाला मिळणारे साहाय्य कृपा म्हणून नव्हे, हक्क म्हणून मिळावे.

आपल्या गावापासून दूर, या देशाच्या कानाकोपऱ्यांत आपण शासनाचे हात म्हणून बसलो आहोत. मसुदे आपल्याच टेबलांवरून पुढे जातात. उद्या असा एखादा कागद समोर आला, तर 'शक्यतो' हा शब्द खोडण्याचे टिपण तरी आपण लिहिणार की नाही?