सरासरीवर पेरणी होत नाही



२०२३ सालचा हिशोब आधी मांडतो. त्या साली एप्रिलमध्ये हवामान खात्याने सांगितले की देशात पाऊस सरासरीच्या ९६ टक्के पडेल, पाच टक्के इकडेतिकडे. सप्टेंबर संपला तेव्हा मोजमाप निघाले ९४ टक्के. अंदाज खरा ठरला, खाते पास झाले.

आता त्याच वर्षाचे महिने वेगळे करून बघा. देशाचा जुलै सरासरीहून जास्त. ऑगस्टमध्ये ३६ टक्के तूट, १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा ऑगस्ट. माझ्या हलक्या रानातली कपाशी नेमकी पाते-फुलांवर असताना माना टाकून उभी होती. सप्टेंबरात पाऊस परत आला. सरासरी भरून निघाली, गळालेली पाती काही परत झाडाला लागली नाहीत.

अशा वेळी बैठकीत कुणीतरी उठतो आणि म्हणतो, खातेच खोटारडे. टाळ्याही पडतात. मी त्या टाळ्या वाजवत नाही. शिवी द्यायची तर ती योग्य दारात दिली पाहिजे, आणि ते दार कोणते हे कळण्यासाठी जरा लांबची गोष्ट सांगावी लागेल.

१९६१ साली अमेरिकेत एडवर्ड लॉरेन्झ नावाचा हवामानशास्त्रज्ञ संगणकावर हवामानाचे गणित चालवीत होता. अवघी बारा समीकरणे. एकदा चाललेले गणित त्याला पुन्हा पाहायचे होते. पहिल्यापासून कशाला, म्हणून त्याने मधूनच सुरुवात केली आणि छापील कागदावरचा आकडा यंत्रात भरला. यंत्राच्या पोटात आकडा होता ०.५०६१२७, कागदावर जागा वाचवायला छापला होता ०.५०६. एवढे करून तो कॉफी प्यायला गेला. तासाभराने येऊन बघतो तर सुरुवातीला दोन्ही हवामाने जोडीने चाललेली, मग हळूहळू फाटत गेलेली आणि शेवटी एकमेकांची ओळखही नाही. त्याला आधी वाटले, यंत्रच बिघडले. यंत्र ठीक होते. फरक किती होता? कापसाच्या क्विंटलमागे पंचवीस ग्रॅम धरा. आपल्याकडे काट्यावर याच्या कितीतरी पट कडता जातो आणि कुणी हूं की चूं करत नाही!

१९६३ साली त्याने हे शास्त्रीय नियतकालिकात मांडले. १९७२ सालच्या भाषणाच्या मथळ्यात त्याने विचारले की ब्राझीलमध्ये फुलपाखराने पंख फडफडवले तर टेक्सासमध्ये चक्रीवादळ उठेल काय? लोकांनी फुलपाखरू लक्षात ठेवले, मुद्दा विसरले. मुद्दा असा की निसर्गाचे नियम पक्के असले तरी आजच्या हवेचे मोजमाप कधीच पुरे पडत नाही, आणि त्या मोजमापातली बारीकशी चूक दिवसागणिक वाढत जाते. म्हणून कोणत्या दिवशी कुठे पाऊस पडेल हे साधारण दोन आठवड्यांपलीकडे सांगता येत नाही. संगणक कितीही मोठा आणला तरी ही हद्द फारशी सरकत नाही.

मग चार महिन्यांचा अंदाज कशाच्या जोरावर? समुद्राच्या जोरावर. समुद्राचे पाणी सावकाश तापते, सावकाश निवते, म्हणून हंगामाचा एकंदर कल थोडाफार कळतो. पण तोही नेहमी नाही. १९९७ साली प्रशांत महासागरात मोठा एल निनो होता, सगळे दुष्काळाच्या धास्तीत होते, आणि देशात पाऊस सरासरीहून किंचित जास्तच झाला. १९८८ पासून आपल्या वसंत गोवारीकरांच्या सोळा घटकांच्या पद्धतीवर अंदाज निघत होते. वर्षानुवर्षे पाऊस सर्वसाधारण सांगितला, तसाच झाला. २००२ साली सांगितला १०१ टक्के, पडला ८१. जुलैत तर निम्माच पडला. गोवारीकर काय अडाणी होते? मुळीच नाही. ज्याला हद्द आहे त्या शास्त्राकडून बेहद्द भरवसा मागितला गेला.

(भेंडवळची घटमांडणी ऐकायला आमच्याकडची माणसे आजही जातात. जावे, जत्रा चांगली असते. पण खात्याला प्रश्न विचारणाऱ्याने घटातल्या करंजीलाही तोच प्रश्न विचारावा.)

आता दाराकडे येतो. खाते आपल्या पत्रकात शक्यता किती टक्के तेही छापते. ती बातमी गावात पोचेपर्यंत 'यंदा पाऊस चांगला' एवढीच उरते. त्या दोन शब्दांवर बियाणे विकले जाते, आणि दुबार पेरणीची वेळ आली की दुकानदार म्हणतो, पाऊस काय माझ्या हातात आहे? बरोबर आहे, त्याच्या हातात नाही. बँकेच्याही नाही, विमा कंपनीच्याही नाही. मग तो एकट्या कोरडवाहूवाल्याच्याच हातात असल्यासारखे सगळे कागद का लिहिलेले असतात? बियाणे रोख, खत रोख, हप्त्याची तारीख पक्की. पिकविम्यात खरीप ज्वारीला शेतकऱ्याचा हिस्सा २ टक्के, कपाशीला ५, कारण कपाशी म्हणे व्यापारी पीक. कोरडवाहू कपाशीतला आमचा व्यापार एकदा येऊन बघा म्हणावे!

आणि मोजमाप? नाल्याच्या अलीकडे पाऊस, पलीकडे धूळ, हे गुराख्याच्या पोराला ठाऊक आहे. सरकारी कागदाला ठाऊक नाही. चोवीस तासांत ६५ मिलिमीटर झाला तर अतिवृष्टी, ६४ झाला तर नाही, आणि हे मोजायचे महसूल मंडळाच्या एका यंत्रावर. माझे रान त्या यंत्रापासून अकरा किलोमीटर आहे. लॉरेन्झचे सगळे गणित दशांशातल्या तिसऱ्या आकड्यानंतर फाटले, आणि इथे अकरा किलोमीटरवरचा आकडा माझ्या बांधावरचा धरतात.

आम्हाला उपदेश होतो की हवामान बघून पेरा, एकाच पिकावर विसंबू नका. अहो, कपाशीत तुरीची तासे आणि ज्वारीत मूग-उडीद आमच्या आज्याने कुणाच्या शिबिरात शिकून टाकले नव्हते. एक गेले तर दुसरे हाती लागेल, हाच त्याचा विमा होता. वर्षानुवर्षे रेशनवर गहू-तांदूळ ओतून ज्वारीचे गिऱ्हाईक कुणी मोडले, तेही त्या शिबिरात सांगा.

तेव्हा मागणी अंदाज अचूक करा ही नाही. ती पुरी होणार नाही. मागणी अशी की विम्याचे मोजमाप गावाच्या शिवारावर आणा, दुबार पेरणी झाली तर पीककर्जाची तारीख आपोआप पुढे सरकवा आणि कपाशीचा हप्ता ज्वारीइतका करा. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने गेल्या खरिपाच्या वहीतून तीनच गोष्टी उतरवून आणाव्यात: पेरणीची तारीख, खंड किती दिवसांचा पडला आणि त्या दिवसांत मंडळाच्या यंत्रावर पाऊस किती लागला. ज्या गावात वही नाही तिथे ती या मृगापासून घाला.