विमानतळाखालचं गाव



परदेशातल्या शहरांबद्दल लिहायचं म्हटलं की लोक टॉवर, म्युझियम आणि कॉफीपासून सुरुवात करतात. मी या वेळी विमानतळापासूनच करतो. त्याला कारण आहे. मी पेडण्याचा. ५ जानेवारी २०२३ पासून आमच्या तालुक्यात, मोपाच्या सड्यावर, विमानं उतरतात. विमानतळाला नाव मनोहर पर्रीकरांचं दिलंय. पण पेडण्याच्या बाजारात बॅग घेऊन निघालेल्या माणसाला "खंय चल्लो?" विचारा, उत्तर एकच येतं, "मोपा!" गावाचं नाव असं चिवट असतं. तेव्हापासून मला एक खोड लागलीये. विमान टेकलं की मी मनात विचारतो, इथे आधी काय होतं?

लंडनपासून सुरू करू. इंग्रज माणूस तुमचा पाय त्याच्या पायावर पडला तरी स्वतःच 'सॉरी' म्हणतो. रांग दिसली की, ती कशाची आहे हे न विचारता, मागे उभा राहतो. अशा सभ्य लोकांचा हीथ्रो विमानतळ ज्या जागी आहे, तिथे 'हीथ रो' नावाची वाडी होती. माळाच्या कडेने घरांची एक ओळ, म्हणून ते नाव. १९४४ मध्ये युद्धासाठी लष्करी विमानतळ हवा म्हणून जमीन घेतली, घरं पाडली. युद्ध संपलं, आणि १९४६ मध्ये तिथून प्रवासी विमानं उडू लागली. वाडीला कोणी सॉरी म्हटलं का, ठाऊक नाही. नाव मात्र तिचंच राहिलं.

टोकियो म्हणजे शिस्तीचा अर्क. ट्रेनमध्ये फोनवर बोललात तर कोणी रागावत नाही, फक्त सगळे मिळून तुमच्याकडे पाहत नाहीत. ते जास्त लागतं. 'टोकियोला उतरलो' म्हणून तुम्ही घरी कळवता तेव्हा खरं तर नारिताला असता, शहरापासून साठेक किलोमीटर दूर. मोपाला उतरून 'समुद्र कुठाय?' विचारणारे पाहुणे मला तिथे आठवतात. १९६६ मध्ये सरकारने शेतकऱ्यांना न विचारता नारिताची जागा ठरवली आणि या शिस्तीच्या देशात लढाई पेटली. मार्च १९७८ मध्ये उद्घाटनाच्या तोंडावर आंदोलकांनी कंट्रोल टॉवरमध्ये घुसून यंत्रांची मोडतोड केली. विमानतळ मे महिन्यात सुरू झाला. काही शेतकरी तरीही हलले नाहीत. पुढे कित्येक वर्षं विमानं भाजीच्या शेताला वळसा घालून धावपट्टीकडे जात राहिली.

लिस्बनला मी थोडा जपूनच गेलो. शेवटी ते आमचे जुने मालक! पेडणं त्यांच्या हाती १७८८ मध्ये आलं, तिसवाडी-सालसेतच्या मानाने फारच उशिरा. चढ-उतार, कौलारू घरं, दुपारची डुलकी, सगळं ओळखीचं वाटलं. तिथल्या विमानतळाला उंबेर्तु देलगादु यांचं नाव आहे. १९५८ च्या निवडणुकीत सालाझारला आव्हान देणारे हे जनरल. गोवा सोडायला तयार नसलेला तोच सालाझार. नवा विमानतळ कुठे बांधायचा यावर या शहरात पन्नासहून अधिक वर्षं खल चालला. जागा पक्की झाली २०२४ मध्ये. हे ऐकलं आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

कारण मोपाचं घोडंही असंच चाललं. २००० मध्ये केंद्राची मान्यता, २०१६ मध्ये पायाभरणी. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण परवानगी स्थगित केली, जानेवारी २०२० मध्ये स्थगिती उठली आणि डिसेंबर २०२२ मध्ये उद्घाटन झालं. पेडण्याच्या पुनवेला आमचा भूतनाथ 'एका रात्रीत देऊळ बांधून द्या' म्हणून रुसतो, आणि गाव दरवर्षी त्याची समजूत घालतं. सरकारी कामाचा वेग त्या देवाला आधीच कळला असावा.

पण चेष्टेपलीकडे एक गोष्ट आहे. मोपाचा सडा 'मोकळी जागा' नव्हता. तिथे काजू होते, गुरं चरत होती, धनगरांची घरं होती. आता दोन हजारांहून अधिक एकर जमीन कुंपणाआड आहे. काहींना त्यातून नोकऱ्या मिळाल्या, भाड्याच्या खोल्या चालल्या. आणि दाराशी आलेल्या विमानतळावर टॅक्सीचा काउंटर मिळावा म्हणून आमच्याच पोरांना आंदोलन करावं लागलं. विकास नको, असं पेडण्यात फार कमी लोक म्हणतील. 'आमचा वाटा कुठला?' हे मात्र जवळजवळ प्रत्येकजण विचारतो.

बर्लिनमध्ये एक वेगळंच दृश्य पाहिलं. टेम्पलहोफ विमानतळ २००८ मध्ये बंद झाला. आता धावपट्टीवर मुलं सायकल चालवतात, आजोबा पतंग उडवतात. तिथे इमारती बांधायचा बेत होता, तो २०१४ मध्ये लोकांनी मतदान करून हाणून पाडला. त्या शहराला जमीन परत मिळाली ती विमानं थांबल्यावर. आपल्याला तेवढं थांबायची गरज नाही. विमानं उडत असतानाही गावाला विचारता येतं.

तुम्ही तरुण मंडळी सुट्टीत गोव्याला याल, तेव्हा बहुधा मोपालाच उतराल. नव्या रस्त्याने गाडी भुर्रकन किनाऱ्याकडे जाते, पेडणं बाजूला राहून जातं. एकदा तिथे थांबा. भगवतीच्या देवळासमोरचे काळ्या दगडाचे दोन हत्ती पाहा, बाजारात चहा घ्या. आणि टॅक्सीवाल्या दादाला विचारा, "तुमचं गाव कुठलं?" त्या सड्याचं कुठल्याही माहितीफलकावर नसलेलं वर्णन तुम्हाला तिथे मिळेल, तेही भाड्यातच!