वणव्याचा धूर आणि पहाटेचे फिरणे

फाल्गुन-चैत्रात अंजनेरी, ब्रह्मगिरीच्या उतारांवरील गवत वाळते आणि वणवे लागतात. दिवसा वारा चढाकडे वाहतो, ज्वाळा वेगाने वर सरकतात. रात्री मात्र गार हवा खाली उतरते आणि धूर पायथ्याच्या वस्तीत पहाटेपर्यंत साचून राहतो. म्हणून अशा दिवसांत ज्येष्ठांनी पहाटे फिरणे टाळावे; ऊन चढून धूर विरल्यावरच बाहेर पडावे. धुरातील २.५ मायक्रॉनहून सूक्ष्म कण ओल्या रुमालाने अडत नाहीत. चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क हवा. घरच्यांनी दम्याचा पंप हाताशी ठेवावा, धूप-उदबत्ती टाळावी. बोलतानाही धाप लागली, छातीत दुखू लागले किंवा ओठ निळसर दिसले, तर विलंब न करता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.