आधी खर्च, मग मदत

अमेरिकेत पूर-वादळाने शेत उद्ध्वस्त झाले की सरकार ‘इमर्जन्सी कन्झर्वेशन प्रोग्रॅम’मधून मदत देते. 1978 च्या कायद्याने आलेली ही योजना तिथल्या काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या घटकाच्या कार्यालयातून चालते. शेतातला राडारोडा काढणे, जमीन सपाट करणे, कुंपण उभारणे यासाठी खर्चाच्या 75 टक्क्यांपर्यंत पैसे मिळतात. गरीब आणि नवख्या शेतकऱ्यांना 90 टक्क्यांपर्यंत.

मेख पुढे आहे. आधी काम करा, बिले भरा, मग पैसे! 2018 च्या कायद्याने कुंपणासाठी 25 टक्क्यांपर्यंत आगाऊ रकमेची सोय केली. उरलेले आणायचे कुठून? ज्याची बँकेत शिल्लक आहे, तोच मदतीपर्यंत पोहोचतो. सारे वाहून गेलेल्याला ते 90 टक्के काय कामाचे?

लबाडी होऊ नये म्हणून तपासणी हवी, मान्य. मग कामाच्या प्रत्येक टप्प्याला तपासा आणि पैसे द्या. आपल्याकडेही ठिबकचा संच आधी बसवा, अनुदान नंतर, हीच रीत आहे.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. उर्दूत ‘मदद’, मराठीत ‘मदत’, अर्थ तोच. बुडणाऱ्याला ‘आधी काठावर ये’ म्हणणे दोन्ही भाषांत मदत ठरत नाही.