माकुलाचे मरण

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात ट्रॉलर लागला की माकुलांचे क्रेट लांबूनच ओळखू येतात. फटींतून काळी शाई ओघळत असते आणि वरच्या थरातल्या एखाद्या माकुलाच्या अंगावर तपकिरी ठिपके अजून उमटत नि विरत असतात. लिलावाला आलेला व्यापारी नेमके तेच पाहतो. ठिपके हलताहेत म्हणजे माल ताजा. माकूल जिवंत आहे की मेलेले, हे मात्र त्या ठिपक्यांवरून कळत नाही, कारण कातडीतल्या रंगपेशी मरणानंतरही काही वेळ आकसत-पसरत राहतात. ते जाळ्यात चेंगरून मेले, डेकवर गुदमरून मेले की बर्फाखाली, याची कोणी चौकशी करत नाही. ती व्हायला हवी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

माकूल म्हणजे नुसता मऊ गोळा, अशी आपली समजूत. नळीसारखे लांबट असो की पाठीत समुद्रफेस असलेले रुंद, आपण दोघांनाही माकूलच म्हणतो. कुळाने ही मंडळी आणि ऑक्टोपस हे तिसऱ्या-कालवांचे भाऊबंद. पण तिसऱ्यांना मेंदू म्हणावा असे काही नाही आणि ऑक्टोपसच्या शरीरात सुमारे ५० कोटी चेतापेशी आहेत, त्यातल्या जवळपास दोन तृतीयांश त्याच्या आठ हातांत. इंडोनेशियात समुद्राच्या तळाशी नारळाच्या करवंट्या उचलून नेणारे आणि पुढे गरज पडली की त्यांत लपणारे ऑक्टोपस शास्त्रज्ञांनी पाहिले आणि २००९मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. ती जात आपल्या पश्चिम किनाऱ्यावर केरळच्या ट्रॉलरांनाही मिळते. समुद्रफेसवाल्या माकुलांच्या युरोपीय जातीवर केलेला एक प्रयोग २०२१मध्ये प्रसिद्ध झाला. समोर साधा खाऊ ठेवला आणि थोडे थांबल्यास आवडीचा मिळेल अशी सोय केली, तर ती माकुले दोन मिनिटांपर्यंत थांबली. हातचे सोडून पुढच्याची वाट पाहणे पुष्कळ माणसांनाही जमत नाही.

आम्हाला मात्र हुशारीच्या या गोष्टींपेक्षा त्याच वर्षीचा दुसरा प्रयोग अधिक महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेतील रॉबिन क्रुक या संशोधक बाईंनी ऑक्टोपसच्या हाताला आम्लाचे इंजेक्शन दिले. ज्या कप्प्यात हे घडले तो कप्पा आधी त्याच्या आवडीचा होता. नंतर तो तिकडे जाईना. दुखरी जागा तो चोचीने सारखी कुरतडत राहिला. मग तेथे बधिर करणारे औषध टोचले, तर कुरतडणे थांबले आणि ज्या कप्प्यात आराम पडला तो कप्पा त्याला आवडू लागला. चटका बसला की हात मागे घेणे वेगळे आणि दुखणे लक्षात ठेवून ती जागा टाळणे, आराम मिळाला ती जागा शोधणे वेगळे. दुसऱ्या प्रकाराला वेदना म्हणायचे नाही तर काय म्हणायचे?

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील जोनाथन बर्च यांच्या गटाने असे तीनशेच्या वर शोधनिबंध तपासून नोव्हेंबर २०२१मध्ये अहवाल दिला. त्यावरून ब्रिटनने २०२२च्या प्राणी संवेदना कायद्यात ऑक्टोपस, माकुले, खेकडे आणि कोळंबी यांना जागा दिली. स्वित्झर्लंडने २०१८पासून जिवंत लॉबस्टर उकळत्या पाण्यात टाकायला बंदी घातली आहे. आपण या बाबतीत मागे आहोत असे कोणाला वाटेल, पण कागदावर तरी आपण त्यांच्या कितीतरी आधी आहोत. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा आपला कायदा १९६०चा. त्याच्या कलम २मध्ये प्राणी म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव प्राणी. पाठीचा कणा हवा, रक्त लाल हवे अशी अट नाही. कलम ११ खाण्यासाठी मारण्याला सूट देते, पण ती सरसकट नाही: मारताना किंवा मारण्याच्या तयारीत अनावश्यक वेदना दिली तर सूट संपते. याच कायद्याच्या बळावर बैलगाडा शर्यतीचा वाद सर्वोच्च न्यायालयात २०१४ ते २०२३ चालला. बैलासाठी कायदा जागा झाला. मिरकरवाड्याच्या धक्क्यावर तो अजून पोचलेला नाही.

असे का? आपली दया ओळखीच्या चेहऱ्यापाशी थांबते म्हणून. दापोलीजवळ कर्दे-मुरूडला पर्यटक सकाळी होडीतून डॉल्फिन पाहायला जातात. डॉल्फिन हुशार, हसऱ्या तोंडाचा, वर वन्यजीव कायद्याचे संरक्षण. त्याला मारण्याची कल्पनाही त्या होडीतल्या कोणाला सहन होणार नाही. दुपारी त्याच माणसांच्या पानात माकुलाच्या तळलेल्या चकत्या येतात. त्यांना आम्ही दोष देत नाही. माकुलाला हसरे तोंड नाही आणि ओरडायला आवाजही नाही, त्यामुळे त्याच्याबद्दलचा प्रश्न त्यांच्यापुढे कधी आलाच नाही.

हुशार तेवढे वाचवावे आणि मंद ते कसेही मारावे, असे आम्ही म्हणत नाही. तो निकष माणसांना लावून पाहिला तरी अंगावर काटा येईल. बांगडा ऑक्टोपसइतका चलाख नसेल, पण म्हणून त्याचा गुदमरून जीव गेला तर चालते असे होत नाही. ऑक्टोपसच्या हुशारीने एवढेच केले की ‘त्याला काय कळतंय’ ही आपली सबब काढून घेतली.

रत्नागिरीत हा विषय काढताना एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे. प्राण्यांच्या दयेच्या नावाखाली दुसऱ्याच्या ताटावर पहारा बसवण्याचे प्रकार आपल्या राज्यात वाढले आहेत. १५ ऑगस्ट २०२५ रोजी मांसविक्री बंद ठेवण्याचा कल्याण-डोंबिवली महापालिकेचा आदेश सर्वांना आठवत असेल. असल्या आदेशांनी एकाही बोकडाचे मरण सुसह्य होत नाही. खारवी, गाबीत, दालदी यांच्या पिढ्या दर्यावर जगल्या; मासळी हे या जिल्ह्याचे रोजचे अन्न आहे आणि त्याबद्दल कोणी कोणापुढे मान खाली घालण्याचे कारण नाही. आम्ही विचारतो आहोत ते एवढेच, की ज्याला आपण खाणार त्याला आपण किती वेळ आणि कशासाठी तडफडवतो.

ट्रॉलचे जाळे काही तास ओढले जाते. पहिल्या अर्ध्या तासात अडकलेले माकूल वर येईपर्यंत टनावारी ओझ्याखाली असते. गळाने एकेक पकडलेले माकूल डोळ्यांच्या मध्ये टोचून क्षणात मारता येते. जपानी मच्छीमार ते करतात आणि अंगाचा रंग एकदम पांढरा पडला की काम झाले हे ओळखतात. जाळ्यातल्या ढिगासाठी असा उपाय आज नाही. मोठ्या प्रमाणावर परवडेल आणि वेदनाही होणार नाही, अशी मारण्याची पद्धत या प्राण्यांसाठी सापडलेली नाही, असे बर्च यांच्या गटानेही नमूद केले आहे. मग ती शोधली पाहिजे. युरोपात काही नौकांवर मासळी विजेच्या झटक्याने बेशुद्ध करण्याची यंत्रे बसली आहेत. शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, पेठकिल्ल्याला सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे. माल धक्क्यावर उतरतो तो त्यांच्या दारात. आपल्या उष्ण पाण्यातल्या माकुलाला बर्फ-पाण्यात बधिर व्हायला किती वेळ लागतो, हे इथल्या प्रयोगशाळेने नाही मोजायचे तर कोणी?

काही गोष्टींसाठी संशोधनाची वाट पाहायचीही गरज नाही. माकूल प्रकाशाकडे धावते, म्हणूनच एलईडी दिव्यांच्या झोतात ते घाऊक सापडते. या मासेमारीवर केंद्राने २०१७मध्ये बंदी घातली आहे. पारंपरिक मच्छीमार वर्षानुवर्षे तिच्या अंमलबजावणीसाठी भांडत आहेत, आणि येथे त्यांचे हित आणि माकुलाचे हित एकच आहे. घरचे म्हणाल, तर जिवंत कुर्लीच्या नांग्या ओरबाडून काढण्याआधी तिला बर्फाच्या पाण्यात अर्धा तास ठेवावे आणि ती पूर्ण थंडावल्यावर एका घावात कापावी. कालवणाच्या चवीत काही फरक पडत नाही.

ऑक्टोपसची शेती हा मात्र वेगळा विषय आहे, आणि तिथे आमचे मत सपशेल विरोधाचे आहे. स्पेनमधील एका कंपनीने कॅनरी बेटांवर अशी शेती उभारण्याची योजना आखली. अमेरिकेत वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी २०२४मध्येच तिला कायद्याने मज्जाव केला. एकट्याने राहणारा, जागा पाहून घर निवडणारा प्राणी टाकीत दाटीने कोंबायचा आणि त्याला दुसरी मासळी भरवायची, यात समुद्रावरचा भार हलका होत नाही. समुद्रातून पकडलेल्या ऑक्टोपसचे निदान आयुष्य तरी त्याचे स्वतःचे असते. पूर्वी आपल्याकडे जाळ्यात आलेला ऑक्टोपस टाकून देत, आता तो निर्यातीला जातो. मागणी वाढली की शेतीचे प्रस्तावही येतील. महाराष्ट्राने ते दारात येण्याआधीच नाही म्हणावे.

राहिला वेदनेविना मारण्याच्या खर्चाचा प्रश्न. डिझेल, बर्फ आणि खलाशांचा पगार यांत आधीच पिचलेल्या तांडेलावर तो टाकणे अन्यायाचे होईल. देशाची सागरी निर्यात २०२३-२४मध्ये ६० हजार कोटी रुपयांच्या वर गेली. त्यात मोठा वाटा कोळंबीचा असला, तरी गोठवलेली माकुलेही परदेशी जातात, आणि घेणाऱ्या देशांत ही जाणीव वाढते आहे. माकुलांना बेशुद्ध करण्याचे यंत्र सापडले की ते पहिल्या दहा-वीस नौकांवर मत्स्यव्यवसाय विभागाने स्वतःच्या पैशाने बसवावे, त्या मालाला कंपन्यांनी किलोमागे जादा दर द्यावा, आणि तो दर लिलावातच, तांडेलाच्या हातात पडावा.