टीडीएस मीटरला न दिसणारे

यंदाच्या दिवाळी अंकाचा ‘सूक्ष्म मूलद्रव्ये’ हा विषय ठरला तो बुलढाणा जिल्ह्यामुळे. २०२४च्या डिसेंबरअखेरीस शेगाव तालुक्यातल्या गावांत माणसांचे केस हातात येऊ लागले. आधी डोके खाजायचे, मग केस गळायचे आणि काही दिवसांतच टक्कल पडायचे. शाळकरी मुले, कॉलेजच्या मुली, लग्नाच्या वयाचे तरुण, कोणी सुटले नाही. दोष आधी शाम्पूला दिला गेला, मग पाण्याला. गावे खारपाणपट्ट्यातली, त्यामुळे पाण्याचा संशय रास्तच होता. पण विंचूदंशावरच्या उपचारामुळे जगभर माहीत असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांचे रक्त, लघवी आणि केस यांच्याबरोबर घरातले गहूही तपासून घेतले आणि बोट ठेवले ते रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमवर. त्यांच्या तपासणीत हे प्रमाण किलोमागे १४ मिलिग्रॅमहून अधिक निघाले. धुतलेल्या गव्हातही ते फारसे कमी झाले नव्हते.

पाव किलो गव्हाच्या पोळ्या दिवसभरात खाल्ल्या तर साडेतीन मिलिग्रॅम सेलेनियम पोटात जाते. शरीराला रोज लागते त्याचे वजन मिठाच्या एका बारीक कणाहून अधिक नसेल, आणि प्रौढांसाठी सुरक्षित मानलेली वरची मर्यादा अर्ध्या मिलिग्रॅमच्याही आत आहे. बरे, सेलेनियम हे काही विष नव्हे. थायरॉइडचे काम त्यावाचून अडते. चीनमधल्या केशान परगण्यात ते मातीतच कमी, म्हणून मुलांची आणि तरुण बायांची हृदये निकामी झाली. त्याच देशातल्या एन्शी भागात ते जास्त, म्हणून १९६०च्या दशकात लोकांचे केस आणि नखे गळाली. आयोडीन, जस्त, तांबे, फ्लोराइड यांचीही गत अशीच आहे. कमी पडले तरी आजार, जास्त झाले तरी आजार. शिसे, पारा आणि कॅडमियम यांचे मात्र शरीरात काहीच काम नाही. ते जितके कमी तितके बरे.

मुळशी तालुक्यात बसून आम्ही शेगावचे का सांगतो आहोत? कारण हिंजवडी, माण, मारुंजी या पट्ट्यातले आपण काय पितो हे आपल्यालाही ठाऊक नाही. इथल्या कितीतरी सोसायट्या बोअर आणि टँकरवर चालतात. बोअर काळ्या खडकातली, त्यामुळे पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर, बादलीवर पांढरा थर आणि शॉवरची भोके बुजलेली. टँकर कोणत्या विहिरीवर भरला, हे विचारायची पद्धतच नाही. मग आरओ विकणारा येतो, पाण्यात टीडीएस मीटर बुडवतो, ६००-७०० असा आकडा दाखवतो आणि घरातले घाबरतात.

हा मीटर पाण्यात एकूण क्षार किती, याचा अंदाज देतो. त्यापलीकडे त्याला काही कळत नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅम क्षार चालतात, शिसे मात्र ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. आर्सेनिक आणि सेलेनियम यांचीही मर्यादा तेवढीच. पाचशे मिलिग्रॅमच्या आकड्यात एका मिलिग्रॅमचा हा शंभरावा भाग मीटरला दिसणारच नाही. म्हणजे १५० टीडीएसचे पाणी घातक असू शकते आणि ६००चे पाणी नुसतेच जड. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९मध्ये टीडीएस ५००च्या आत असेल तिथे आरओ वापरू देऊ नये असे सांगितले, ते उगीच नव्हे. आरओ नको ते काढतो तसे हवे तेही काढतो, आणि घरगुती यंत्र एक लिटर देताना दोन-तीन लिटर पाणी गटारात सोडते. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावात ही नासाडी आम्हाला सहन होत नाही. शिवाय बांधकामावरच्या मजुरांच्या वस्तीत आणि गावठाणातल्या अनेक घरांत आरओ नाहीच. तिथली मुले येईल ते पाणी पितात. त्यांच्यासाठी तपासणी हाच एक आधार आहे.

पाण्याइतकाच रस्त्याचाही विचार करायला हवा. हिंजवडीच्या शिवाजी चौकातून आयटी पार्कच्या फेज तीनकडे रांगत जाणारी गाडी किती वेळा ब्रेक दाबते! ब्रेकच्या अस्तरातून तांबे, अँटिमनी आणि बेरियम झडते, टायर झिजून जस्त. ही धूळ दुचाकीस्वार आणि चौकात उभे असलेले वाहतूक पोलीस श्वासाबरोबर घेतात. पावसात ती ओढ्यांतून मुळा नदीत जाते. फटाक्यांतही हीच मंडळी: हिरवा रंग बेरियमचा, निळा तांब्याचा. सर्वोच्च न्यायालयाने २०१७मध्ये फटाक्यांतून शिसे, पारा, आर्सेनिक, अँटिमनी आणि लिथियम हद्दपार केले, २०१८मध्ये बेरियमचे क्षारही. यंदा मुलांच्या हातात फुलबाजी देण्याआधी वेष्टनावर काय लिहिले आहे ते वाचाच.

हे सारे आपल्या आवाक्याबाहेरचे आहे, असे आम्ही मानत नाही. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले, कारण कोणीतरी आधी हवेतले आणि मुलांच्या रक्तातले शिसे मोजले होते. मोजणारे आपल्या शेजारीही आहेत. राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे मुख्यालय पुण्यातच आहे. तिथल्याच आघारकर संशोधन संस्थेने तर जस्त-लोहाने समृद्ध असा एमएसीएस ४०२८ हा गहूही दिला आहे. या अंकातले लेख याच धाग्याने जातात: मातीतून धान्यात, पाण्यातून रक्तात.

वाचकांना एकच विनंती. सोसायटीच्या पुढच्या सभेत आणि गावच्या ग्रामसभेत हा विषय मांडा. बोअरचे आणि टँकरचे पाणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासून घ्या. नुसता टीडीएस आणि जडपणा नको. शिसे, आर्सेनिक, फ्लोराइड, सेलेनियम आणि नायट्रेट यांचे आकडे मागा. अहवाल जिन्याजवळच्या फळ्यावर लावा आणि एक प्रत आमच्याकडे पाठवा. पुढच्या दिवाळी अंकात त्यासाठी पाने राखून ठेवली आहेत.